किल्ली कुणाच्या कमरेला?



परवा दुपारची गोष्ट. जेवणं आटोपली होती, ओटा पुसून मी जरा पाठ टेकणार, तोच आमच्या शेजारच्या वहिनी आल्या. मागच्या दारानं आल्या. म्हणजे काहीतरी हळू आवाजात बोलायचं असणार, हे इतक्या वर्षांच्या शेजारानं मला ठाऊक झालंय. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेल्या नोटा.

"ताई, एक काम होतं. माझ्या धाकट्या बहिणीला दोन हजार पाठवायचेत. तुमच्या फोनवरून पाठवता का? हे घ्या रोख."

मला नवल वाटलं. कारण वहिनी घरी बसून फॉल-पिको करतात, ब्लाउज शिवतात. दाराशेजारी तो काळ्या ठिपक्यांचा चौकोनी कागद चिकटवलेला आहे. गिऱ्हाइकं त्याच्यासमोर फोन धरतात आणि पैसे परस्पर वहिनींच्या बँकेत जमा होतात. खातं वहिनींचं, फोन वहिनींचा, पाय दुखेस्तोवर मशीन चालवतात त्याही वहिनीच. मग माझ्या फोनवरून कशाला?

"अहो, तो पिन का काय असतो ना, तो मला कुठे ठाऊक आहे? मुलगा दिवाळीत आला तेव्हा त्यानंच घालून दिला. म्हणाला, 'आई, तू विसरशील, मी बाबांना सांगून ठेवतो.' आता काही पाठवायचं म्हणजे फोन यांच्या हातात द्यायचा. हे नाही म्हणत नाहीत हो. पण 'कुणाला? कशाला?' हे येतंच. बहिणीच्या यजमानांचं काम सुटलंय. ते सगळं यांच्यापुढे मांडायचं म्हणजे..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. तुम्हांलाही ते पुरं करून सांगायला नको. माहेरी पाठवायचे दोन हजार! आपल्याच कमाईचे, आणि तरी रुमालात गुंडाळून मागच्या दारानं आणायचे.

मी म्हटलं, "वहिनी, मी पाठवते. पण हे तुम्हांला स्वतःला का करता येऊ नये?" त्यावर ठरलेलं उत्तर आलं, "मला नाही बाई त्यातलं कळत. मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनी काढलेल्या गोष्टी या."

मग मी चहाचं आधण ठेवलं आणि त्यांना एका बाईची हकिगत सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते.

बाईचं नाव सूझी लोनी. ही ब्रिटनची. एडिंबरा आणि मँचेस्टर इथं शिकलेली, पण शिक्षण बँकेचं नव्हे नि हिशेबाचंही नव्हे. ती केमिकल इंजिनिअर. पुढे ती व्होडाफोन या टेलिफोन कंपनीत होती आणि फोनवरून पैशाचे व्यवहार कसे करता येतील ते बघत होती. तिचा एक सहकारी होता निक ह्यूज. त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. गरीब देशांत बँक मैलोन् मैल दूर असते, पण साधा मोबाइल मात्र खेडोपाडी पोचू लागला आहे. मग बँकेचं थोडं काम फोननंच का करू नये? ब्रिटिश सरकारच्या परदेशांना मदत करणाऱ्या खात्यानं निम्मा खर्च द्यायचं कबूल केलं, निम्मा कंपनीनं घालायचा. आणि प्रयोगासाठी देश निवडला आफ्रिकेतला केनिया, कारण तिथल्या सफारीकॉम या फोन कंपनीत व्होडाफोनची भागी होती.

आता केनियातली परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. ती आपल्याला परकी वाटणार नाही. कमावता माणूस नैरोबीसारख्या शहरात, बायकामुलं आणि म्हातारे आईवडील दूर गावाकडे. आपल्याकडे मुंबईचा चाकरमानी कोकणात मनीऑर्डर करायचा, अगदी तसंच. पण तिकडे पैसे पाठवायचे कसे? कुणी ओळखीचा गावाकडे निघाला तर त्याच्या हाती, नाहीतर बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट द्यायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. पोचलं तर पोचलं. नाहीतर स्वतः रजा काढून, भाड्याला पैसे घालून जायचं. आणि तिकडे गावी चूल थांबलेली!

अशा ठिकाणी सूझीबाई कामाला गेल्या आणि तीन वर्षं राहिल्या.

मूळ योजना मात्र पैसे घरी पाठवण्याची नव्हतीच, ही यातली मजा आहे. योजना होती छोट्या कर्जांची. आपल्या बचत गटासारखे तिकडेही गट असतात. गटातल्या माणसांना थोडंथोडं कर्ज मिळतं, आणि गटाची बैठक भरते तेव्हा जो तो आपला हप्ता रोख आणून देतो. कंपनीचा विचार असा, की कर्ज फोनवर द्यावं आणि हप्ताही फोनवर घ्यावा, म्हणजे रोकड घेऊन फिरायला नको. ऑक्टोबर २००५ मध्ये प्रयोग सुरू झाला. सगळी मिळून आठ दुकानं आणि पाचशेच्या आतबाहेर माणसं. जागा नैरोबीत आणि जवळच्या थिका गावात.

त्याची रीत कशी होती ती नीट ऐका, म्हणजे आपल्याकडचंही समजायला सोपं जाईल. तुम्ही दुकानदाराकडे जायचं. फोनचं रिचार्ज विकणारा असतो ना, तसाच हा दुकानदार. त्याला शंभर द्यायचे. तो आपल्या फोनवरून तुमच्या नंबरावर शंभर जमा करतो आणि तुम्हांला तसा निरोप येतो. आता ते तुम्ही दुसऱ्या कुणाच्या नंबरावर पाठवायचे. त्यासाठी फोनमध्ये रक्कम घालायची आणि शेवटी आपला गुप्त आकडा, म्हणजे पिन. समोरच्या माणसानं त्याच्या गावच्या दुकानात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, पिन घालायचा आणि रोख घ्यायची. फोन अगदी साधा चालतो, बटणांचा. त्याला इंटरनेट लागत नाही.

आणि पैसे काय फोनच्या पोटात असतात? नाही हो! लोकांनी भरलेली सगळी रक्कम बँकेत एका विश्वस्त खात्यात असते. फोनमध्ये असते ती नुसती नोंद, तुमचे किती नि माझे किती. म्हणून फोन विहिरीत पडला तरी पैसे बुडत नाहीत. दुकानदारानं मात्र दोन्ही डबे भरलेले ठेवावे लागतात, एक नोटांचा आणि एक फोनमधल्या शिलकीचा. नोटांचा डबा रिकामा असला तर पैसे काढायला आलेली बाई हात हलवत परत जाते, आणि एकदा परत गेली की तिचा भरवसा उडतो. लग्नाच्या पंगतीत भात संपला नि दुसरा चुलीवर नाही, असं झालं तर यजमानीणबाईंची काय तऱ्हा होते? तसंच ते.

कागदावर सोपं वाटणारं हे काम प्रत्यक्षात जड गेलं. फोन हाती धरण्याचीही फारशी सवय नसलेल्या माणसांना सगळं पहिल्यापासून शिकवायचं. त्यात कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नोंदी हातानं लिहिलेल्या. फोनवरचा जमा-खर्च आणि वहीतला जमा-खर्च रोज जुळवत बसायचं. तुमच्यापैकी ज्यांनी बचत गटाची वही सांभाळली असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पाच रुपयांचा फरक आला तरी रात्रीची झोप जाते! आणखी एक अडचण कुणाच्या मनातही आली नव्हती. हप्ता जर कोपऱ्यावरच्या दुकानात भरता येतो, तर बैठकीला यायचं कशाला? आणि बैठकच नाही तर गट कसला? एकमेकींच्या तोंडाकडे बघून तर कर्ज फिटत असतं.

पण याच प्रयोगात सूझीबाई आणि त्यांच्या माणसांना एक गोष्ट दिसू लागली. लोकांना जे शिकवलं होतं ते लोक करत होतेच, पण न शिकवलेलंही पुष्कळ करत होते! एका गावाहून दुसऱ्या गावी निघालेला माणूस पैसे खिशात नेण्याऐवजी निघताना दुकानात भरी आणि पोचल्यावर तिकडे काढी. वाटेत चोर भेटला तरी खिसा रिकामा. व्यापाऱ्यांची बँक संध्याकाळी लवकर मिटे, पण ही दुकानं उघडी असत, म्हणून ते दिवसाचा गल्ला रात्रीपुरता फोनमध्ये ठेवू लागले. आणि एका बाईनं तर कमालच केली. तिच्या नवऱ्याला वाटेत कुणीतरी लुबाडलं. घरी यायला बसचं भाडं नाही. तिनं त्याला फोनवरून भाड्याचे पैसे पाठवले आणि नवरा घरी आला!

बघा, आपण नाही का श्रीखंडाच्या डब्यात डाळ नि बिस्किटांच्या डब्यात सुई-दोरा ठेवत? डबा करणाऱ्याच्या ते स्वप्नातही नसतं. वस्तू कशाला वापरायची ते कारखानदार ठरवत नाही, घरातली बाई ठरवते.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, "अहो, हे यासाठी नाही, नियमाप्रमाणे वापरा." यांनी तसं केलं नाही. लोक काय करताहेत ते पाहिलं, आणि कर्जाची मूळ योजना बाजूला ठेवली. आता एकच गोष्ट ठळक ठेवायची, घरी पैसे पाठवा. जाहिरातीतही तेच घोषवाक्य. ६ मार्च २००७ रोजी साऱ्या केनियासाठी ही सोय खुली झाली. तिचं नाव एम-पेसा. एम म्हणजे मोबाइल, आणि पेसा म्हणजे? अहो, आपला पैसाच! पूर्व आफ्रिकेत १९२० सालापर्यंत रुपया चालत होता, आणि आपल्याकडून तिकडे गेलेला 'पैसा' हा शब्द त्यांच्या स्वाहिली भाषेत 'पेसा' होऊन राहिला. वहिनींना हे फार आवडलं. म्हणाल्या, "म्हणजे शब्द तरी आपल्या माहेरचाच की!"

पुढची हकिगत थोडक्यात सांगते. केनियात एम-पेसा घरोघरी झालं. सूझीबाईंनी मग टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि आपला भारत इथं ते सुरू करायला मदत केली. २०१० साली त्यांना आणि निक ह्यूज यांना 'द इकॉनॉमिस्ट' या प्रसिद्ध साप्ताहिकाचं सामाजिक आणि आर्थिक क्षेत्रातल्या नव्या वाटेसाठीचं पारितोषिक मिळालं. आणि २०११ पासून त्या स्वतंत्र सल्लागार झाल्या. बँकेपासून लांब राहिलेल्या माणसांपर्यंत पैशाची सोय कशी पोचवावी, हे त्या बँकांना आणि फोन कंपन्यांना सांगतात. अशा कामातले धोके कसे ओळखावेत यावरच्या एका पुस्तिकेच्या त्या सहलेखिका आहेत.

वहिनींनी विचारलं, "सल्लागार म्हणजे नक्की काय करतात हो? नुसतं सांगायचे पैसे?" प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या मुला-मुलींची लग्नं जमवताना स्थळाच्या माहितीत हल्ली 'कन्सल्टंट' असं लिहिलेलं असतं, आणि आपण नुसती मान डोलावतो. मी वहिनींना म्हटलं, घरात पहिलं कार्य निघालं की आपण आत्याबाईंना आधी बोलावून घेतो की नाही? आत्याबाई स्वतः लाडू वळत नाहीत. पण दोनशे पानांना तूप किती, कुठल्या पंगतीला गर्दी उसळते, आचाऱ्याकडून काय मोजून घ्यायचं, कोठीची किल्ली कुणाकडे द्यायची, हे त्या सांगतात. कारण त्यांनी दहा कार्यं पाहिलेली असतात, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी फजितीही पाहिलेली असते. त्या फजितीचीच किंमत जास्त. सल्लागार म्हणजे तेच. दुकानदाराकडे रोकड कधी संपते, लबाडी कुठल्या फटीतून शिरते, माणसं कुठे अडखळतात, हे ज्यानं उन्हातान्हात उभं राहून पाहिलंय त्याच्या सांगण्याला मोल येतं.

फजिती म्हणाल तर तीही झाली. दक्षिण आफ्रिकेत २०१० साली सुरू झालेलं एम-पेसा २०१६ मध्ये बंद करावं लागलं. आपल्याकडे २०१३ साली आलं आणि २०१९ साली गुंडाळलं गेलं. एका अंगणात तरारलेलं रोप दुसऱ्या अंगणात धरेलच असं नाही. दक्षिण आफ्रिकेत बँकेत खातं असलेली माणसं केनियापेक्षा पुष्कळ होती, त्यांना दुसरे मार्ग होते. आपल्याकडे खाती घरोघरी उघडली गेली, आणि २००८ साली स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१६ साली यूपीआय सुरू केलं. त्यात दुकानदारापाशी पैसे भरून ठेवायला नकोत. एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे सरळ जातात. वहिनींच्या दारावरचा ठिपक्यांचा कागद आहे तो याचाच.

पण दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी. खात्याचं दार उघडतं ते पिननं. पूर्वी सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. ज्यांच्या कमरेला किल्ल्या, त्यांचं घर. पिन ही आजची किल्ली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केनियात या सोयीनं बायकांचं काय झालं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या तवनीत सूरी आणि जॉर्जटाउन विद्यापीठाचे विल्यम जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं केनियातल्या कुटुंबांची पाहणी केली आणि २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. त्यांच्या अंदाजानं या सोयीमुळे १ लाख ९४ हजार कुटुंबं गरिबीतून वर आली. केनियातल्या शंभर कुटुंबांपैकी ही दोन. आणि १ लाख ८५ हजार बायका शेतीवरच्या राबणुकीतून निघून धंद्यात, दुकानदारीत आल्या. ज्या घरांची कर्ती बाई होती, त्या घरांना लाभ जास्त.

असं का झालं असेल? मला वाटतं, तुम्हां-आम्हांला ते अर्थशास्त्र न शिकताही कळेल. बाईचे पैसे गव्हाच्या डब्यात असले की ते सगळ्या घराचे असतात. कुणालाही दिसतात, कुणीही मागतं, आणि 'नाही' म्हणणं जड जातं. तेच आपल्या नंबरावर, आपल्या पिनमागे असले, तर वीस-वीस करून साठतात. त्यातून शिवणयंत्र येतं, टोपलीभर माल येतो. अडीअडचणीला भाऊ दोनशे पाठवतो, बहीण शंभर पाठवते, आणि ते त्याच दिवशी पोचतात. संकट आलं म्हणून भांडीकुंडी विकावी लागत नाहीत.

पण हे सगळं केव्हा? पिन तिच्याकडे असेल तेव्हा. वहिनींकडे सारं काही आहे. खातं आहे, कमाई आहे, फोन आहे. नाही ती फक्त किल्ली. आणि ती कुणी हिसकावून घेतली असंही नाही. मुलानं प्रेमानं, आईला त्रास नको म्हणून ती वडिलांच्या कमरेला लावली! आपल्या घरांत बरंचसं असंच होतं, नाही का? वाईट माणसं नसतात हो कुणी. पण आपणही म्हणतो, "मला नाही बाई कळत," आणि मोकळ्या होतो. काम टळतं, पण त्याबरोबर हक्कही टळतो.

ज्या बाईला शंभर माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज बरोबर येतो, दूधवाल्याचा खाडा तोंडपाठ असतो, भिशीत कुणाचा नंबर कितवा ते तीन वर्षांनी आठवतं, तिला चार आकडे लक्षात राहणार नाहीत, हे मला कुणी सांगू नये.

तेव्हा आज एवढं करा.

पहिलं, तुमच्या खात्याला बँकेत नंबर कुणाचा जोडलेला आहे ते पाहा. कित्येकींच्या खात्याला यजमानांचा नाहीतर मुलाचा नंबर असतो. मग सगळे निरोप त्यांच्याकडे जातात आणि तुमच्या फोनवर यूपीआय चालूच होत नाही. पासबुक आणि ओळखपत्र घेऊन स्वतः बँकेत जा, अर्ज भरा, नंबर बदलून घ्या.

दुसरं, पिन स्वतः घाला. जुना माहीत नसला तरी बिघडत नाही. 'पिन विसरलात का' असं विचारणारं बटण असतं, तिथून नवा घालता येतो. त्याला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डावरची मुदत लागते, आणि फोनवर ओटीपी येतो. कार्ड नसेल तर बऱ्याच बँकांत आधारवरूनही होतं. जन्मसाल किंवा लग्नाची तारीख पिन म्हणून ठेवू नका. ती सगळ्या घराला पाठ असते!

तिसरं, पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. हे वाक्य हवं तर देव्हाऱ्याशेजारी लिहून ठेवा. "तुम्हांला पैसे पाठवतोय, जरा पिन घाला," असं कुणी म्हणालं, की तो चोर समजा. पैसे मिळावेत म्हणून ठिपक्यांच्या कागदासमोर फोन धरावा लागत नाही. आणि ओटीपी विचारणारा बँकेचा साहेब म्हणाला तरी सांगू नका.

चौथं, नवीन माणसाला पाठवताना आधी एक रुपया पाठवा. पडद्यावर नाव येतं, ते वाचा. रुपया पोचल्याचा फोन आला, की मग बाकीचे. गर्दीत नि घाईत पाठवू नका.

पाचवं, सगळी पुंजी फोनला जोडलेल्या खात्यात ठेवू नका. महिन्याच्या खर्चापुरतं एक खातं फोनला, बाकीचं दुसरीकडे. गव्हाच्या कोठीतून रोजच्या डब्यात आपण थोडंथोडंच काढतो ना?

सहावं, फसवणूक झालीच तर रडत बसू नका आणि घरच्यांपासून लपवूही नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. फोन हरवला तर सिमकार्ड आधी बंद करून घ्या.

आणि ज्यांच्याकडे बटणांचा साधाच फोन आहे, त्यांनी मागे राहण्याचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेनं ८ मार्च २०२२ रोजी, म्हणजे नेमकं महिला दिनी, साध्या फोनसाठी '१२३पे' ही सोय सुरू केली. त्याला इंटरनेट लागत नाही. बँकेत चौकशी करा.

कुणी म्हणेल, "नवरा-बायकोत कसली आली लपवाछपवी? उद्या अचानक काही झालं तर पिन दोघांना नको माहीत?" अडीअडचणीसाठी जोडखातं आहे, नॉमिनेशन आहे. त्याचे कागद जरूर करा, आणि यजमानांची खाती कुठेकुठे आहेत तेही विचारून लिहून ठेवा. पण पिन ज्याचा त्याचा. यात अविश्वास नाही. आपण आपली सही दुसऱ्याला करायला देतो का?

असो. वहिनींची गोष्ट पुरी करते. चहा झाल्यावर त्या घरी जाऊन डेबिट कार्ड घेऊन आल्या. ते अजून पाकिटातच होतं, करकरीत. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. पिन घालताना मी तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. मग त्यांनी मला एक रुपया पाठवला. माझा फोन वाजला आणि दोघी शाळकरी पोरींसारख्या हसलो. मग बहिणीला एक रुपया, तिचा फोन, आणि मग बाकीचे. रुमालातल्या नोटा पुन्हा रुमालात गेल्या.

रात्री यजमानांना दूधवाल्याचे पैसे द्यायचे होते. पिन चालेना. "बदललास?" "हो, बदलला." "सांगितलं नाहीस?" "तुम्हांला लागतील तेव्हा मला सांगा, मी पाठवते." दोन दिवस घर जरा गप्प होतं, असं वहिनींनीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी विजेच्या बिलाची शेवटची तारीख होती. यजमान बिल घेऊन मशीनपाशी आले, आणि नुसते उभे राहिले. वहिनींनी पायाखालची पट्टी थांबवली, बिल वाचलं, रक्कम पाहिली आणि विचारलं, "या महिन्यात एवढं कसं आलं?"

त्या दोन हजारांबद्दल अजून कुणी काही विचारलेलं नाही. विचारलं तर सांगणार आहेत. पुढच्या दारानं सांगणार आहेत.

तुमच्या घरी किल्ली कुणाच्या कमरेला आहे, ते आज रात्री निजण्यापूर्वी पाहा आणि मला जरूर लिहून कळवा. पुढच्या वेळी नॉमिनेशनचं बोलू.